तिकिटांचे मोल

एकाच अर्थाचे म्हणून समजले जाणारे तीन शब्द मराठीत आहेत: मोल, किंमत आणि भाव. पैकी मोल हा संस्कृत 'मूल्य' शब्दाचा वंशज; मूल म्हणजे भांडवल, त्याच्याशी त्याचे नाते. किंमत हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि घरचा होऊन राहिला. भाव हा तर मुळात मनाचा धर्म. घेणाऱ्याच्या मनात जे असते तेच बाजारात भाव म्हणून प्रकट होते. अडतीस वर्षे मुलांस संस्कृत आणि मराठी शिकविताना हा भेद आम्ही फळ्यावर अनेकदा लिहिला. परंतु हे तीन शब्द व्यवहारात एकमेकांपासून किती दूर उभे असतात, ते कळावयास सेवानिवृत्तीनंतर पोस्टाची तिकिटे विकावयास बसावे लागले. त्या उद्योगात जे पाहिले ते या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. कारण आमच्या घरात होते तसे तिकिटांचे कपाट पुष्कळ वाचकांच्या घरीही असेल, आणि त्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न कधी ना कधी त्या घरांतही उभा राहील.

आमचे वडील बंधू, घरात त्यांना सारे दादा म्हणत, पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांना ना विड्याचे व्यसन, ना तमाशाचे. एकच नाद: पोस्टाने नवे तिकीट काढले की ते कोरे करकरीत आपल्या वहीत आले पाहिजे. टपालखात्याकडे संग्राहकांसाठी अनामत खात्याची सोय आहे. थोडी रक्कम आगाऊ भरून ठेवली की नवी तिकिटे आपोआप घरी येतात. असे खाते दादांनी वर्षानुवर्षे चालविले. तिकीट, त्याचे प्रथमदिवसाचे पाकीट आणि माहितीची विवरणिका अशी त्रयी दर वेळी यावयाची आणि त्या दिवशी दादांची संध्याकाळची पूजासुद्धा अर्धा तास उशिरा व्हावयाची. १९७६ पासून २०१९ पर्यंतची तिकिटे चौदा वह्यांत भरली होती. खर्चाचा हिशेब मात्र त्यांनी कारकुनी शिस्तीने ठेवला होता: एकूण ४६,३२० रुपये. वहिनींनी कधी तक्रार केली तर ते हसून म्हणत, "अगं, ही ठेव आहे. आज रुपया, उद्या शंभर."

दादा गेल्यावर दोन वर्षे ते कपाट कोणी उघडले नाही. मग त्यांच्या नातीला पुण्यास अभियांत्रिकीच्या शिक्षणाकरिता प्रवेश मिळाला. वसतिगृह आणि खाणावळ मिळून वर्षाला नव्वद हजारांचा खर्च दिसू लागला. त्या दिवशी वहिनी आमच्याकडे आल्या आणि कपाटाची किल्ली आमच्या हातात देऊन म्हणाल्या, "भाऊजी, यांची ठेव आता मोडावयाची. पोरीचे निदान वसतिगृह तरी यातून भागेल. तुम्ही शिकलेले आहात. योग्य भाव तुम्हीच ठरवा." किल्ली हातात घेतली, तीबरोबर ते वाक्यही घेतले, आणि दोन्हींपैकी वाक्यच जड होते.

तिकिटे काळाबरोबर महाग होतात, ही समजूत कोठून आली, याचा शोध प्रथम घेतला. ती अगदीच निराधार नाही. आपल्या देशात, किंबहुना आशिया खंडात, पहिली तिकिटे निघाली ती १८५२ साली, मुंबई इलाख्याच्या ताब्यातील सिंध प्रांतात. सिंध डाक या नावाने संग्राहक त्यांस आजही मानतात. पुढे १८५४ साली सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली. त्यांतील चार आण्यांच्या तिकिटाचे काही नग छापताना राणीचे मस्तक उलटे पडले. त्यांतील हाती लागणारा प्रत्येक नग आज जगाच्या बाजारात रत्नासारखा विकला जातो. स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९४८ रोजी महात्माजींच्या स्मरणार्थ चार तिकिटे निघाली. ती स्वित्झर्लंडमधील एका छापखान्यातून छापून आली होती. त्यांतील दहा रुपयांच्या काही तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीकरिता 'सर्व्हिस' अशी अक्षरे छापली, आणि अशी तिकिटे अवघी शंभर. त्यांतील चार जोडतिकिटांची एक पट्टी २०१७ साली पाच लक्ष पौंडांस विकली गेली. वर्तमानपत्रात अशी बातमी आली की घराघरांतील वह्या उघडल्या जातात.

परंतु या उदाहरणांतून जो धडा घ्यावयाचा तो निराळाच आहे. जगातील पहिले तिकीट म्हणून जे प्रसिद्ध आहे, ते इंग्लंडातील १८४० चे काळे पेनी तिकीट, त्याचे सहा कोटी अठ्ठ्याऐंशी लक्ष नग छापले होते. त्यामुळे ते प्रसिद्ध असले तरी दुर्लभ नाही. बरे नग सोडले तर सामान्य संग्राहकही ते घेऊ शकतो. म्हणजे वय हे दुर्लभतेचे कारण नव्हे. जुनी तिकिटे दुर्लभ झाली, कारण लोकांनी ती पाकिटाबरोबर चुलीत घातली. उलटे मस्तक दुर्लभ झाले, कारण ते कोणी मुद्दाम काढले नव्हते. आपल्या काळात उलट घडले. सरकार तिकिटे काढू लागले ती निम्मी संग्राहकांसाठीच, आणि लोक घेऊ लागले ते जपून ठेवण्यासाठीच. २००६ साली चंदनाचा वास येणारे पंधरा रुपयांचे तिकीट निघाले तेव्हा ज्याने त्याने ते घेतले आणि ज्याने त्याने ते जपले. जी वस्तू सर्वांनी जपली, ती दुर्लभ कशी व्हावी? अर्थशास्त्राच्या या नियमाला वास असला काय आणि नसला काय, सारखेच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. नातीची कॉलेजे सुरू व्हावयास सहा आठवडे अवकाश होता. तिने लॅपटॉपावर याद्या करावयाच्या आणि आम्ही भिंगातून तिकिटे पाहावयाची अशी विभागणी झाली. प्रथम आम्ही प्रत्येक तिकिटाची स्थिती पाहिली. या व्यापारात स्थिती हीच अर्धी किंमत. कोरे तिकीट म्हणजे नुसते न वापरलेले नव्हे. त्याच्या पाठीवरचा डिंक अक्षत पाहिजे, दाते सगळे पाहिजेत, कोपरा मोडलेला नसावा, वहीत चिकटविण्याच्या पट्टीचा व्रण नसावा. आमचे कळंबे तर तलावाकाठचे गाव. आषाढ-श्रावणात इथली हवा अशी दमट होते की मिठाची बरणी पाझरते. मग डिंकाची काय कथा? तीन वह्यांतील तिकिटे पानांना धरली होती, आणि काहींच्या कडांवर पिवळे-तपकिरी ठिपके पडले होते. असे ठिपके असलेले तिकीट व्यापारी हाती घेऊन पुन्हा खाली ठेवतो. ज्यांच्या घरी अशा वह्या आहेत त्यांना एवढेच सांगतो, की त्या आडव्या रचून ठेवू नयेत, पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. बाह्य भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत. आणि तिकिटाला बोट लावू नये, चिमट्याने धरावे.

स्थितीच्या नंतर संख्या. प्रत्येक तिकिटाच्या विवरणिकेत किती नग छापले ते दिलेले असते. दादांनी त्या साऱ्या विवरणिका जपल्या होत्या आणि त्यांचा आम्हांस फार उपयोग झाला. त्या आकड्यांवरून तिकिटांचे तीन ढीग पडले. पहिला, मोठ्या संख्येने छापलेल्या स्मारक तिकिटांचा. हा सर्वांत मोठा. दुसरा, मिनिएचर शीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या सचित्र पत्रकांचा. आपल्या देशात १९७३ च्या इंडिपेक्स प्रदर्शनाच्या वेळी अशी पत्रके प्रथम निघाली. यांतील काही कमी संख्येची असल्यामुळे संग्राहक ती शोधत असतात. तिसरा ढीग, दादांनी इकडूनतिकडून मिळविलेल्या १९४७ नंतरच्या पहिल्या दशकातील तिकिटांचा; हा अगदी लहान, पण सर्वांची नजर यावरच.

मग किंमत कशी लावावी? नवशिक्याला पहिला मोह होतो तो सूचिग्रंथाचा. स्टॅन्ली गिबन्स या इंग्रज व्यापाऱ्याने १८६५ साली आपली पहिली दरयादी काढली, तेव्हापासून असे ग्रंथ निघत आले आहेत आणि आपल्याकडील तिकिटांच्या देशी सूचीही आहेत. त्यांत तिकिटापुढे आकडा छापलेला असतो. नातीने पहिल्या दिवशी ते आकडे बेरजेस लावले आणि बेरीज पाहून वहिनींना हाक मारली. आम्ही तिला थांबविले आणि त्याच ग्रंथाची प्रस्तावना वाचावयास दिली. त्यातील आकडा हा त्या पेढीचा विकण्याचा दर असतो. ती पेढी आपल्याकडून त्या दराने विकत घेईल असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय सामान्य तिकिटापुढे जो किमान आकडा असतो, तो तिकीट शोधून, पाकिटात घालून देण्याची मजुरी आहे, तिकिटाचे मोल नव्हे, असे तो ग्रंथ स्वतःच सांगतो. प्रस्तावना न वाचण्याची सवय विद्यार्थिदशेपासून लागते आणि ती अशी महाग पडते.

खरा भाव कळण्याचे स्थान निराळे आहे. आमच्या कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. रवे मांडलेले असतात, रंग पाहिला जातो, कण जिभेवर ठेवला जातो आणि बोली चढते. शेतकऱ्याच्या मनातला दर घरीच राहतो. शेवटच्या बोलीवर जो थांबतो तो भाव. तिकिटांचेही तेच. लिलावाच्या संकेतस्थळांवर लोक वाटेल तो आकडा मागत असतात. एका सामान्य तिकिटाला पन्नास हजार मागणारे महाभागही तेथे आहेत. मागणाऱ्यांचे आकडे वाचू नयेत, विकल्या गेलेल्या नगांचे वाचावेत. आम्ही असा नेम केला की त्याच तिकिटाचे, त्याच स्थितीतील, अलीकडे झालेले पाच सौदे पाहावयाचे, त्यांतील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडावयाचा आणि मधला धरावयाचा. त्यातूनही दहावा हिस्सा कमी करावयाचा. कारण जुन्या व्यापाऱ्याच्या नावावर लोक विश्वास टाकतात, नवशिक्याच्या नावावर अजून काहीच जमा नसते. विश्वासाची उणीव भावात भरून द्यावी लागते.

कौटिल्याने अर्थशास्त्रात पण्याध्यक्षाची कामे सांगितली आहेत. मालातील सारवान कोणता, फल्गु म्हणजे हलका कोणता, त्यांच्या भावात अंतर किती, हे त्याने जाणावे; आणि त्याबरोबरच लोकांस कोणता माल प्रिय आहे, कोणता अप्रिय आहे, हेही जाणावे, असे तो सांगतो. हा शेवटचा मुद्दा आम्ही वर्गात कैक वेळा नुसता सांगून पुढे गेलो होतो. तिकिटे विकताना त्याचा अर्थ उलगडला. राजर्षी शाहू छत्रपतींचे पंचवीस पैशांचे तिकीट १९७९ साली निघाले. संख्येने ते काही अपूर्व नव्हे. दुसऱ्या प्रांतात ते कोणी उचलून पाहणार नाही. पण कोल्हापुरातील एका गृहस्थाने त्याची चार-चारची जोडी आमच्या आकड्याच्या दुपटीने मागितली, कारण ती त्यास चौकटीत घालून दुकानात लावावयाची होती. वि. स. खांडेकरांचे १९९८ चे आणि व्ही. शांताराम यांचे २००१ चे तिकीटही तसेच लगोलग गेले. जे तिकीट ज्या मातीचे, तेथे त्यास माहेरचा मान. म्हणून विकणाऱ्याने आपल्या गावाकडे प्रथम पाहावे.

हिशेबाची आणखी एक बाजू आहे. एका संग्राहकाने सहा तिकिटे मागितली. दर आठ रुपयेप्रमाणे अठ्ठेचाळीस रुपये झाले. बाहेरगावी स्पीड पोस्टाने पाकीट पाठवावयाचे तर कर धरून पन्नासाच्या पुढेच खर्च. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपालाची जुनी स्वतंत्र सोय स्पीड पोस्टात विलीन झाल्यामुळे ती स्वस्त वाटही राहिली नाही. त्यावर पुठ्ठा, पारदर्शक पिशवी आणि आमचा वेळ. पोस्टाची तिकिटे पोस्टाने पाठविण्यातच त्यांचे मोल संपून जावे, हा विनोद दादांना आवडला असता. त्यावर तोड अशी काढली की सुटी तिकिटे विकावयाची नाहीत. सामान्य तिकिटे वर्षवारीने किंवा विषयवारीने, म्हणजे पक्ष्यांची एकत्र, आगगाड्यांची एकत्र, संतांची एकत्र, अशा जुड्या करून द्यावयाची. तीनशे रुपयांच्या खालची मागणी घ्यावयाची नाही. आणि पाठवणावळ निराळी सांगावयाची. वर्षवारी जुड्यांचा भाव छापील दर्शनी किमतीच्या आतच ठेवावा लागला. हे पचावयास कठीण आहे, पण खरे आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शंभर रुपयांस घेतलेली सामान्य तिकिटे आज सत्तर रुपयांस जातात. बँकेच्या व्याजाची गोष्ट तर काढूच नये.

या दरम्यान मोठ्या शहरातील एक व्यापारी वह्या पाहावयास आले. त्यांनी दहा मिनिटांत दोन वह्या चाळल्या, बाकीच्या नुसत्या जाडीवरून पाहिल्या आणि सगळ्यांचे मिळून बावीस हजार सांगितले. वहिनी आत निघून गेल्या. नातीने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू तो गृहस्थ चोर होता. त्याच्याविषयी न्यायाने बोलले पाहिजे. त्यास हा माल वर्षानुवर्षे सांभाळावयाचा, त्यातील निम्मा कधीच न विकला जावयाचा आणि भांडवल मात्र आजच घालावयाचे. त्याने सांगितलेली रक्कम थोडी होती, अन्यायाची नव्हती. ज्या घरी वेळ नाही, याद्या करणारे कोणी नाही, त्यांनी दोघां-तिघांचे आकडे घेऊन ठोकच विकावे, असे आम्ही सांगू. आमच्याकडे वेळ होता. म्हणून आम्ही नम्रपणे नकार दिला.

आता त्या तिसऱ्या ढिगाची हकीकत. त्यात १९४८ च्या गांधी तिकिटांचा चारांचा संच होता आणि त्यात दहा रुपयांचे तिकीट होते. दादांनी ते एका प्रदर्शनात कोणाकडून तरी घेतले होते. खर्चाच्या वहीत त्यापुढे मोठी रक्कम आणि त्यापुढे आनंदाने काढलेले एक फूल होते. वहिनींच्या मनातील सारी आशा त्या एका चौकोनावर बसली होती. "तेवढे विकले तरी पोरीचे वर्ष निघेल, नाही का भाऊजी?" असे त्या दोनदा म्हणाल्या होत्या.

या तिकिटाच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत हे आम्ही वाचले होते, म्हणून ते विकावयास काढण्यापूर्वी तपासावयाचे ठरविले. तिकिटाचे दाते मोजण्याची एक पट्टी मिळते. दोन सेंटीमीटर लांबीत किती दाते बसतात ते तिच्यावर कळते. अस्सल तिकिटास साडेअकरा भरावयास हवेत. आमचे भरेना. मग भिंगाखाली महात्माजींचा चेहरा पाहिला. अस्सल तिकिटे फोटोग्राव्ह्यूर पद्धतीने छापलेली. त्यात छटा एकसारखी, मऊ उतरते. येथे तर साध्या ऑफसेट छपाईचे सुटे ठिपके स्पष्ट दिसत होते. तरी आमच्या अल्प ज्ञानावर निकाल द्यावा असे वाटेना. मुंबईच्या एका जाणकार परीक्षकाकडे ते पाठविले. तीन आठवड्यांनी त्यांचे लेखी मत आले: नक्कल.

ही गोष्ट वहिनींना सांगणे आवश्यक होते आणि ते कोणीतरी करावयाचे होते. दुपारी ओसरीवर त्या तांदूळ निवडीत होत्या. आम्ही ते पत्र वाचून दाखविले, दात्यांची पट्टी दाखविली, भिंग त्यांच्या हाती दिले. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले. मग विचारले, "यांना कळले होते का?" आम्ही सांगितले, "नाही. त्या पानावर फूल काढले आहे." त्या म्हणाल्या, "मग बरे झाले," आणि तांदूळ पुढे ओढले.

गोष्ट येथे संपली नाही. नातीने आरंभी त्या संचाचे छायाचित्र संग्राहकांच्या एका व्हॉट्सॲप मंडळात चौकशीकरिता टाकले होते. ते पाहून बाहेरगावच्या एका गृहस्थाचा दूरध्वनी आला. पंचवीस हजार रोख. खरेखोटे त्यांचे ते पाहतील. पावतीवर आम्ही काही लिहू नये आणि परीक्षकाचे पत्र असल्यास ते जोडू नये. बोलण्यावरून त्यांना सारे ठाऊक आहे हे उघड होते. ते तिकीट पुढे कोणाच्या वहीत, कोणत्या कारकुनाच्या हिशेबात, कोणत्या फुलाशेजारी जाऊन बसणार, हेही उघड होते. पंचवीस हजार म्हणजे वसतिगृहाचे तीन महिन्यांहून अधिक. तिकीट वहिनींचे, म्हणून उत्तर त्यांनीच द्यावे असे आम्ही म्हटले. त्यांनी नातीच्या हातून दूरध्वनी घेतला आणि इतकेच सांगितले, "आमच्या घरून ते बाहेर जाणार नाही." त्यानंतर आम्ही त्या तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने 'नक्कल' हा शब्द लिहिला. एवढे सावकाश आम्ही उभ्या आयुष्यात काही लिहिले नसेल.

विकणाऱ्याच्या लेखणीविषयीही येथेच बोलावे. बाजारातील वर्णनांत 'दुर्मिळ' या शब्दाचा सुकाळ आहे. हा शब्द मुळात संकरज: 'दुर्' हा उपसर्ग संस्कृत, 'मिळ' हा धातू मराठी, 'दुर्लभ' हा शुद्ध शब्द. व्याकरणाने तो आज चालवून घेतला आहे. पण ज्या तिकिटाचे लाखो नग पेट्यांत पडले आहेत त्याला दुर्मिळ म्हणणे कोणत्या व्याकरणात बसते? आम्ही नातीस नियम घालून दिला: दोष प्रथम लिहावयाचे, गुण नंतर. डाग असेल तर डाग, पातळ झालेला कागद असेल तर तो, पाठीवर व्रण असेल तर त्याचे छायाचित्र. आरंभी मागण्या कमी आल्या. चौथ्या महिन्यापासून तेच तेच संग्राहक पुन्हा येऊ लागले आणि भावाची घासाघीस थांबली. आम्ही जो दहावा हिस्सा कमी धरीत होतो, तो धरण्याचे हळूहळू कारण उरले नाही.

चौदा महिन्यांत दहा वह्या रिकाम्या झाल्या. टपाल, पिशव्या, संकेतस्थळाची अडत हे सारे वजा जाता ३१,४५० रुपये हाती आले. व्यापाऱ्याच्या आकड्याहून साडेनऊ हजार अधिक, दादांच्या खर्चाहून पंधरा हजार कमी, आणि वहिनींच्या आशेहून किती कमी ते आम्ही मोजले नाही. बाकीचा भार पुतण्याने आणि आमच्या निवृत्तिवेतनाने मिळून उचलला. एकत्र कुटुंब म्हणजे आणखी निराळे काय असते? उरलेल्या चार वह्यांतील डागी पण कोरी तिकिटे आम्ही घरच्या पत्रांना लावतो. नातीला पुण्यास जाणाऱ्या पाकिटावर पाच रुपयांऐवजी कधी पाच-पाच तिकिटे असतात, आणि तिच्या मैत्रिणी ती मागून घेतात असे ती कळविते.

एक तिकीट वहिनींनी विकावयास दिले नाही. १९५८ साली महर्षी कर्व्यांच्या शताब्दीस पंधरा नव्या पैशांचे तिकीट निघाले. त्या वेळी अण्णासाहेब हयात होते, आणि जिवंतपणी तिकिटावर येण्याचा मान स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात प्रथम त्यांस मिळाला. वहिनींच्या मातोश्री हिंगण्यास शिकलेल्या. त्या तिकिटाचा बाजारभाव आम्ही त्यांस सांगितला. तो अगदी किरकोळ होता. त्या म्हणाल्या, "भाव असू दे. ते नातीच्या पेटीत जाऊ दे." आरंभी ज्या तीन शब्दांचा उल्लेख केला त्यांतील मोल या शब्दाचा अर्थ आम्हांस तेव्हा पुरता दिसला.

शेवटी, ज्या वाचकांस हा नाद आहे त्यांस दोन शब्द सांगण्याची आमच्या वयाने परवानगी घेतो. नाद अवश्य करावा. तिकिटांनी इतिहास, भूगोल, लिपी, चित्रकला असे पुष्कळ शिकवले जाते, आणि एका सरळ माणसाच्या चाळीस वर्षांच्या संध्याकाळी त्यांनी गोड केल्या हे आम्ही पाहिले आहे. ४६,३२० रुपयांत ते महाग पडले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यास ठेव म्हणू नये. घरातील माणसे तो शब्द खरा धरून बसतात आणि त्याचा हिशेब मागे राहिलेल्यांस द्यावा लागतो. ज्यांच्याकडे वह्या आहेत त्यांनी हातपाय धड आहेत तोवर एक यादी करावी: कोणते तिकीट, कोणत्या स्थितीतील, कोणाकडून घेतले, काय देऊन घेतले आणि आज प्रत्यक्ष काय येते. मौल्यवान म्हणून जे एखाद-दुसरे असेल, ते आपल्या हयातीतच जाणत्याकडून तपासून त्याचे पत्र वहीत लावून ठेवावे. आणि ती यादी घरातील एका तरुण माणसाला शेजारी बसवून वाचून दाखवावी. या कामास पावसाळा संपल्यानंतरचे कोरडे दिवस चांगले. दिवाळीच्या साफसफाईत कपाट उघडेलच, तेव्हा वह्याही खाली काढाव्यात.